अनोळखी श्वास

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाखालच्या तळावर शर्वरी गुळवणी उतरली ती भाचीच्या बारशाला. म्हणजे सुरक्षा-अभियंता म्हणून तपासणीचं कामही होतंच, पण ते निमित्त. बारसं तिच्यासाठीच खोळंबलं होतं. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? आता काय बोलायचं या माणसांना! चंद्रावर जाऊन राहिली, पण हट्ट काही सुटला नाही. यान रखडलं, ठरलेला दिवस उलटला आणि पोर आपली बिननावाचीच राहिली. सगळे तिला बाळी म्हणत.

शर्वरीने प्रवेशद्वारात स्वतःचं नाव नोंदवलं आणि लगेच तळभर भोंगे वाजू लागले.

नियंत्रणकक्षात तळप्रमुख वाघचौरे घामाघूम होऊन उभे होते. समोर पडद्यावर एकच ओळ होती : 'सुरक्षा-मांडणी कुलूपबंद. एक अनोळखी श्वास. बाळंतिणीची खोली.'

"दार आपोआप बंद झालंय," ते म्हणाले. "आत तुमची भावजय केतकी आणि बाळ आहे. बाहेर तुमचा भाऊ मंदार दारावर डोकं आपटतोय. आणि हे यंत्र मला सांगतंय, तुम्हाला अधिकार नाही. मला, तळप्रमुखाला!"

"हा श्वासरक्षक आहे, साहेब. प्रत्येकाच्या उच्छ्वासातल्या वायूंचं मिश्रण वेगळं असतं, त्यावरून तो माणूस ओळखतो. अनोळखी श्वास जिथे सापडेल तिथली हवा तोडतो. चोरून कुणी शिरू नये म्हणून. बाळाची नोंद केली नव्हती?"

वाघचौरे ओशाळले. "नोंदीला नाव लागतं. नाव तर तुम्ही ठेवणार होतात. म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न. आजवर काही बिघडलंही नाही."

"आजवर नवीन कुणी आलंच नाही ना. मांडणीतल्या नोंदींत काही बदललं, की रक्षक शिरगणती करतो. आज माझं नाव चढलं, त्याने डोकी मोजली आणि..."

ती बोलता बोलता थांबली. भाचीला बघायला आलेल्या आत्याच्या नोंदीनेच भाचीचा श्वास कोंडला होता.

"खोलीत हवा किती आहे?" तिने विचारलं.

"दहा मिनिटांची. फार तर."

"मग कुलूप उघडायच्या नादी लागण्यात अर्थ नाही. आहे ती मांडणी पुसून जुनी बसवू." तिने पिशवीतून बोटाएवढी काचेची प्रतिकुपी काढली. तळाच्या सगळ्या मांडणीची एक प्रत दर महिन्याला पृथ्वीवर जपून ठेवत, ती त्या कुपीत होती. "ही ओतली की सगळं तेव्हा होतं तसं होईल. जसंच्या तसं. पण कुपी एकदाच चालते, मग आतली प्रत पुसली जाते. ओतल्यावर रक्षक पुन्हा शिरगणती करणार. त्याआधी अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात एक नाव चढवता येतं."

"एक पुरे की. बाळ एकच आहे." वाघचौऱ्यांना इतकं हायसं वाटलं, की ते चक्क हसले.

शर्वरी हसली नाही. "तुम्ही मंदारजवळ जा. तो भान हरपून बसलाय. इथे मी एकटी पुरे."

वाघचौरे धावत पोहोचले तेवढ्यात दार सरकलं. केतकी धडपडत बाहेर आली. छातीशी धरलेल्या बाळाचे ओठ निळसर पडले होते. मग त्याने टाहो फोडला आणि मंदार मटकन खाली बसून रडू लागला. भिंतीवरच्या पडद्यावर नवी नोंद उमटली : 'रेवा मंदार गुळवणी.'

तिच्याखाली लगेच दुसरी ओळ आली : 'सुरक्षा-मांडणी कुलूपबंद. एक अनोळखी श्वास. नियंत्रणकक्ष.'

वाघचौऱ्यांनी ती पुन्हा वाचली. ती प्रत शर्वरीने स्वतःच्या पिशवीतून आणली होती. तिचं नाव तळावर चढलं ते त्यानंतर. त्या प्रतीत शर्वरी नव्हतीच.

सगळे धावले. नियंत्रणकक्षाचं दार बंद झालं होतं. काचेतून ती खुर्चीवर बसलेली दिसत होती.

"ताई, अवकाशपोशाख घालायचास ना आधी!" मंदार बोलयंत्रात ओरडला.

"चढवायला वीस मिनिटं लागतात रे. बाळीकडे दहा होती."

"मग पळायचंस तरी."

"कुठे? जिथे मी जाईन, तिथली हवा तुटली असती. तिथल्या माणसांचीसुद्धा."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माझं कामच आहे ते."

वाघचौऱ्यांनी पोलाद कापायचं यंत्र आणायला माणसं पिटाळली. कापायला तास लागतो हे त्यांना ठाऊक होतं. एक पुरे, असं आपणच म्हणालो आणि वर हसलो, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

केतकी पुढे झाली. "शर्वरीताई, तिला अजून कुणी नाव सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

"कान जवळ आण तिचा."

केतकीने बाळाचा कान बोलयंत्राला टेकवला. आतून धाप लागलेला आवाज आला. "कुर्रर्र... रेवा."

बारशाला आत्या 'कुर्र' करते, तेव्हा मागून सगळे तिच्या पाठीत धपाटे घालतात. मंदार त्या बंद दारावर दोन्ही हातांनी धपाटे घालत होता.