टाके घातलेली परात

दुबईत अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटसमोर लोरेदाना राहायची. पन्नाशीची, उंच, खळखळून हसणारी. लोकांच्या व्हिलांचं इंटीरियर करायची. दोन हजार नऊच्या जानेवारीत मंदीमुळे तिची उरलीसुरली कामंही बंद पडली आणि तिने इटलीला परत जायचं ठरवलं. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये सतत कोणाचा ना कोणाचा सोफा लिफ्टसमोर उभा असायचा, त्यामुळे नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं. माझ्या हातची आमटी ती कपाने प्यायची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती मातीची एक खोलगट परात दोन्ही हातांनी धरून आमच्याकडे आली. तिच्या आजीच्या खेड्यातली, आजीच्याही आधीची. बाहेरून नुसती भाजलेली तांबूस माती. आतून सायीसारखी पिवळट झिलई आणि काठावरून खाली हिरव्या रंगाचे ओघळ. एका बाजूने लांब चीर गेलेली, आणि ती लोखंडी तारेने शिवलेली, गोधडीला टाके घालावेत तशी.

"यात फळं मांडून ठेवू नकोस," ती म्हणाली. "पीठ मळ. ही त्याचसाठी आहे."

मी काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. जुन्या झिलईत शिसं असतं हे माहीत होतं, म्हणून आधी तपासून घेतली. काही निघालं नाही. मग रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी त्यात कणीक भिजवायला लागले. गोळा फ्रीजमध्ये ठेवायचा, संध्याकाळी गरम पोळ्या. कणीक अशी मऊ यायची की निनाद, माझा नवरा, म्हणाला, "अस्मि, स्टीलची परात आता माळ्यावर टाक."

एका सकाळी गोळा फारच मोठा झाला. पीठ नेहमीच्याच मापाने घेतलं होतं. हवा दमट आहे, पाणी जास्त पडलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी निनाद त्याच्या साइटवरच्या दोघांना न सांगता जेवायला घेऊन आला. पोळ्या बरोबर पुरल्या.

पुढे केयाला, आमच्या मुलीला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला पिझ्झा मिळाला, त्या दिवशी सकाळीच गोळा लहान झाला होता. मी किचनमधला वजनकाटा काढला. पीठ मोजून, पाणी मोजून, वर गोळ्याचं वजन. बेरीज जुळेना. लॅबमध्ये असं झालं असतं तर मी काटा बदलला असता. घरी काटा बदलून पाहिला. तरी जुळेना.

निनादला मजा वाटायची. केयाला तर त्याहून. शाळेची बस यायच्या आधी ती किचनमध्ये डोकावायची. "आई, चेक द बोल. हू इज कमिंग टुडे?"

एका सकाळी मी म्हटलं, "कोणीतरी येतंय. बराच भुकेला आहे."

संध्याकाळी दारात मधू उभा होता, निनादचा कॉलेजमधला मित्र, हातात बॅग घेऊन. त्याची नोकरी गेली होती आणि इंटरनॅशनल सिटीतली शेअरिंगची खोलीही. "वहिनी, थोडे दिवस," तो खाली बघत म्हणाला.

"यल्ला, हात धुऊन ये," मी म्हटलं. "तुझ्या पोळ्यांची कणीक सकाळपासून मळून ठेवलीय."

तो हसला. खूप दिवसांनी हसला असावा. मग आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर मधू आणि रोज चौघांचा गोळा, असं छान चाललं. संध्याकाळी पत्ते, हसणं, केयाचा त्याच्याकडून गणिताचा अभ्यास. बाहेर क्रेन थांबल्या होत्या, आमच्या लॅबमध्ये तपासायला ठोकळे येईनासे झाले होते, आणि घरात मात्र सण असल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी खिडकीबाहेर दाट धुकं होतं. समोरची मेट्रोची अर्धवट लाइनही दिसत नव्हती. मी कणीक मळली.

गोळा तिघांचा झाला.

मी आणखी पीठ घातलं. पाणी घातलं. मळत राहिले. पीठ आत जात होतं आणि गोळा तेवढाच राहत होता.

"आज बाहेर कोण जेवणार आहे?" मी विचारलं.

कोणीच नाही. निनाद गाडीने अबू धाबीला मीटिंगला निघाला होता. मधूचा शारजात इंटरव्ह्यू होता. केयाची शाळा.

"आज जाऊ नकोस," मी निनादला म्हटलं.

त्याने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कणीक कमी पडली म्हणून सुट्टी मागू? या दिवसांत?" माझ्या खांद्यावर थोपटून तो गेला.

दुपारी लॅबमधल्या रेडिओवर अबू धाबी रोडवर गाड्या एकमेकांवर आदळल्याची बातमी आली. निनादचा फोन लागेना. मी शाळेत फोन केला, केया वर्गात होती. मधू बसमध्ये होता. निनादला मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

शेवटी लागला. "मीटिंगमध्ये होतो गं. इन्शाल्ला, जेवायला घरी."

संध्याकाळी तिघंही आले. एकेक जण आत आला तसं मी त्याला हात लावून पाहिलं. मधूला नोकरी मिळाली होती. त्याने मिठाईचा डबा आणला होता.

मी तव्यावरून गरम पोळ्या वाढत राहिले. मधू पोटभर जेवला, निनादने मागून घेतली, शेवटची केयाने तूप लावून खाल्ली.

"पुरल्या की नाही?" निनाद म्हणाला. "उगाच दिवसभर जीव काढलास."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

ते तिघं आइस्क्रीम आणायला खाली गेले. मी ओटा पुसला, परात धुतली. भात उरला होता, आमटी होती. माझं ताट पालथंच होतं. घ्यावंसं वाटलं नाही. दिवसभराच्या ताणाने भूक मेली असेल, असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी गोळा पुन्हा तिघांचाच झाला.

यालाही आता बरीच वर्षं झाली. मधूचं लग्न झालं, तो बायकोमुलांना घेऊन शुक्रवारी येतो. सकाळी गोळा मोठा होतो आणि मला त्यांच्या आधी कळतं. माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टर रिपोर्ट बघून कौतुक करतात. वजन तेवढंच.

सगळे जेवायला बसले की मीही ताट घेऊन बसते, वाढते, गप्पा मारते. त्या संध्याकाळपासून मी एक घासही गिळलेला नाही. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.