क्रेगनॅलीचे सहा नमुने

"कपाटातल्या नमुन्यांच्या बाटल्या गेल्या, इझबेलकाकू! सहाच्या सहा!"

शनिवारी सकाळी नऊला कर्स्टी रेनी दारात धापा टाकत उभी होती. क्रेगनॅलीच्या व्हिस्की भट्टीची ती तरुण व्यवस्थापक. इझबेल गेडेसने तिला आधी खुर्ची दिली, मग चहा. पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून इझबेल खासगी तपासाची कामं घेई आणि तिचा दीर वॉटी तिची गाडी चालवी.

"आज तीनला सभागृहात चाखणी आहे," कर्स्टी म्हणाली. "डूगल फार्कर सहा पिंपांचे नमुने हुंगणार आणि गावाच्या नावाने कुठल्या पिंपातली व्हिस्की बाटल्यांत भरायची ते ठरवणार. तीस वर्षं त्यांच्याच नाकावर चाललंय. नमुने परत काढायचे तर मुख्य कचेरीची परवानगी लागते. ती सोमवारशिवाय मिळत नाही."

"कपाट फोडलं?"

"नाही हो. किल्ली तिथेच खिळ्याला असते, सगळ्या गावाला ठाऊक आहे. दरवर्षीची लाल लाख संपली होती, म्हणून काल संध्याकाळी निळी वितळवून बुचं बंद केली आणि तशाच बाटल्या कपाटात ठेवल्या. मदतीला कुणीच नव्हतं."

"कपाटात आणखी काय होतं?"

"बक्षिसाची चाळीस वर्षं जुनी बाटली. तिला कुणी हातही लावला नाही."

कर्स्टी गेल्यावर वॉटी म्हणाला, "वहिनी, हिचंच काम. म्हाताऱ्याला बाजूला करून स्वतः पिंप निवडायचं असेल."

"मग सकाळी नऊला माझ्याकडे कशाला आली असती?" इझबेलने कोट चढवला.

डूगल फार्कर स्वयंपाकघराच्या टेबलाशी चाखायचे पेले पुसत बसला होता. वय ब्याऐंशी, पाठ ताठ. दार उघडताच वॉटीने नाक मुरडलं. डूगलच्या पाठीमागे शेगडीवर दूध करपत होतं. इझबेलने गॅस बंद केला.

"चोरी? बघा त्या फिनलेकडे," डूगल गुरगुरला. "अकरा वर्षं बोलत नाही माझ्याशी. मासे मात्र त्याच्याच गाडीवरून घ्यावे लागतात. गुरुवारी तर कहर झाला! मी नेहमीसारखा हॅडॉक उचलला, हुंगला, पिशवीत टाकला. तर पठ्ठ्याने तो पिशवीतून काढून घेतला आणि दुसरा दिला. एक शब्द न बोलता. माज बघा!"

"आज तुम्ही काय करणार होता?"

"हुंगणार होतो," डूगल म्हणाला आणि तोच पेला पुन्हा पुसू लागला.

फिनले मॅकॉरची मासळीची गाडी चर्चसमोर उभी होती. तो लठ्ठ, लालबुंद चेहऱ्याचा माणूस बर्फ फोडत होता.

"मी कशाला चोरू? पिणाऱ्याने ती जुनी बाटली नेली असती. सहा निळी बुचं घेऊन कोण पळेल?"

"भांडण कशावरून झालं रे तुमचं?" वॉटीने विचारलं.

"मी हौसेने व्हिस्कीचं एक पिंप विकत घेतलं होतं. डूगल भर सभेत म्हणाला, भिजलेल्या सतरंजीचा वास येतो. बरोबरच बोलला होता. म्हणून तर राग आला!"

वॉटी हसला. इझबेल हसली नाही.

"फिनले, बर्फाखालून बाटल्या काढ."

फिनलेचा हात थांबला.

"लाख दरवर्षी लाल असते," इझबेल म्हणाली. "यंदा निळी आहे हे कर्स्टीला माहीत, आणि जो बाटल्या घेऊन गेला त्याला. जुनी बाटली जागेवरच राहिली, म्हणजे चोराला दारू नको होती. त्याला फक्त आजची चाखणी होऊ द्यायची नव्हती."

"म्हणजे डूगलची जिरवायला?" वॉटी म्हणाला.

"भावजी, दूध करपलेलं तुम्हाला दारातून कळलं. त्याच्या पाठीमागे करपत होतं, त्याला कळलं नाही. आणि गुरुवारचा मासा. फिनले, तो नासलेला होता ना?"

फिनले खाली बसला. "पेटीच्या तळाला राहून गेला होता. एरवी त्याने माझ्या तोंडावर फेकला असता. त्याने छान हुंगला आणि पिशवीत टाकला. मला रडूच आलं, बाई. आज वास न येता नुसत्या अंदाजाने बोलणार, सहांत एकदा अंदाज बरोबर येईल. नाही आला, तर त्याला गाव हसणार. ते मला बघवलं नसतं."

"अकरा वर्षं बोलला नाहीस त्याच्याशी!" वॉटी म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

इझबेल त्याच्या शेजारी बसली. "सोमवारी कर्स्टी पुन्हा नमुने काढेल. मग काय करशील? तीनला बाटल्या टेबलावर हव्यात. त्याआधी त्याच्याकडे जा. मी नाही, तू."

फिनले गेला. डूगलच्या घरातून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. मग दार उघडलं आणि दोघं एकत्रच बाहेर पडले.

तीनला सभागृह भरलं होतं आणि सहाही बाटल्या टेबलावर होत्या. डूगल उठला.

"जानेवारीतल्या तापात माझं नाक गेलं. परत आलेलं नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली." त्याने पेले ओळीत लावले. "पण काय शोधायचं ते अजून डोक्यात आहे. नाक मी उसनं आणलंय."

फिनले पुढे आला आणि त्याने पहिला पेला उचलला. "नासपती."

"कच्ची की पिकलेली?"

"पिकलेली. आणि मागे काहीतरी आहे... सांगता येत नाही."

"डोळे मीट. कुठे गेल्यासारखं वाटतं?"

फिनलेने डोळे मिटले. "आईच्या कपाटात. हिवाळ्याचे कपडे ठेवायची ते."

डूगलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जुनं ओकचं लाकूड आहे ते. शाबास. आता चार थेंब पाणी घाल, आणि मला पुन्हा सांग."