श्रीपतने गोष्ट संपवली नाही

कंदील जरा बारीक करा आणि जवळ सरका. ही गोष्ट श्रीपत मैलकुलीची. महाड-पोलादपूर रस्त्यावर खड्डे बुजवायला, गटारं काढायला असायचा, तो श्रीपत. त्याला ओळखणारी माणसं अजून आहेत. खोटं वाटलं तर उद्या विचारा.

सन एक्क्याऐंशी, डिसेंबरची सव्वीस तारीख, शनिवार. अवस दुपारीच संपलेली, म्हणजे रात्री चंद्राचा पत्ता नाही. श्रीपतची बायको मंजुळा बाळंत होऊन वीस दिवस झाले होते. घरातली सुंठ आणि अळीव संपले म्हणून तो संध्याकाळी महाडला गेला. वाडीपासून दोन कोस. सामान घेतलं, पिशवी खांद्याला लावली आणि परत फिरणार तोच थेटराच्या भिंतीवर नवं पोस्टर दिसलं. कबर, आणि कबरीतून वर आलेला हात.

मग काय, श्रीपत तिथंच अडकला. भुताचा सिनेमा म्हटला की त्याला राहवत नसे. भूतबित तो मानायचा नाही. देवदेवस्की त्याच्या बापानेच घराबाहेर काढली होती. पण अंधारात बसून शेजारचा दचकलेला बघायची त्याला भारी हौस. तो म्हणायचा, सिनेमातल्या भुताला काय भ्यायचं, ते आधी बाजा वाजवून वर्दी देतं. खरी भीती मुकी असते. रस्त्यावर अपघात झाला की मागची साफसफाई त्याच्या वाट्याला यायची. रक्तावर माती टाकताना त्याचा हात कापत नसे. पण कडेच्या गवतात एकच चप्पल सापडायची, अंगठा दोनदा शिवून घेतलेली. नाहीतर जेवणाचा डबा, आतला भात अजून कोमट. तसलं काही दिसलं की दोन-दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. हे सिनेमावाल्यांना कुठून सुचणार, असं तो हसत हसत सांगायचा.

शेवटचा खेळ सव्वाबाराला सुटला. पोलादपूरच्या बाजूला निघालेला तो एकटाच. गावाचे दिवे मागं पडले. थंडी मी म्हणत होती. बरंच चालून झाल्यावर मागून कुणीतरी खाकरलं.

"सिनेमा बघून आलास काय रे?"

श्रीपतला बरं वाटलं. सोबत झाली. त्यानं होय म्हटलं, तशी मागच्यानं गोष्ट सांगायची गळ घातली. आपल्याला काही बघायला मिळत नाही, म्हणाला. असेल पुढच्या वाडीतला कुणी. अंधारात तोंड दिसत नव्हतं, आणि तो बरोबरीनं चालतही नव्हता; चार पावलं मागंच. श्रीपतला तर सिनेमा बघण्याहून सांगायला जास्त आवडायचं. त्यानं पार पहिल्यापासून सुरुवात केली. मागून हुंकार येऊ लागला, गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यायचा असतो तसा.

"हूं."

सिनेमातला नवरा कड्यावरून पडतो तो प्रसंग आला. श्रीपतनं त्याची किंकाळी मारून दाखवली. या खेपेला हूं आला नाही. थोड्या वेळानं शब्द आले.

"तसं वरडायला येत नाय."

"मग?"

"तहान लागते. आन् पायात एकच चप्पल हाय, ह्याची लाज वाटते."

श्रीपत हसला. मग त्याच्या ध्यानात आलं. चपलेचं त्यानं या माणसाला सांगितलं नव्हतं. चालता चालता त्यानं कान दिला. डांबरावर त्याच्या स्वतःच्या वहाणांचा आवाज येत होता. तेवढाच.

"थांबलास का? सांग."

तो सांगू लागला. पाय भराभर उचलू लागला. मागचा तेवढाच मागं.

"हूं... पिशवीत सुंठ हाय. घरात बाळंतीण हाय वाटतं."

श्रीपतनं पिशवी पोटाशी धरली.

"गोष्ट संपली की बघून जाईन."

वाडी आता अर्ध्या कोसावर होती. सिनेमाचा शेवट तेवढा सांगायचा राहिला होता. श्रीपतनं तो गिळला. मेलेल्या नवऱ्याला त्यानं एक भाऊ जोडला, भावाच्या परसात विहीर खणली, विहिरीत एक बाई टाकली. आजवर पाहिलेले सगळे भुताचे सिनेमे तो एकाला एक शिवत गेला.

मागून कशेडी घाटाकडे जाणारा ट्रक आला. पुढच्या रस्त्यावर उजेड पडला. उजेडात सावली एकच. ट्रक थांबला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"एकटाच कुठं रे? चल, बस."

श्रीपतचा हात दाराच्या दांडीपर्यंत गेला. पण आपण बसलो तर मागं राहील तो कुठं जाईल? दोन शेतांपलीकडे वाडी होती. मंजुळाच्या खोलीतला दिवा इथून दिसत होता. त्यानं हात खाली घेतला, नको म्हणून मान हलवली. ट्रक गेला. अंधार आणखी दाट झाला.

"हूं," मागून आलं.

वळण आलं. घर रस्त्याला लागूनच. आत पोर रडत होतं. श्रीपतनं तिकडं बघितलं नाही. आवाज चढवला. सांगत राहिला. घर मागं गेलं. रडणं मागं गेलं... सांगत राहिला.

एक मैल. दोन. घसा फाटला. वळायचं नाही. थांबायचं नाही. संपवायचं नाही...

पोलादपूरच्या एसटी स्टँडपाशी चहावाला स्टो पेटवत होता. साडेचार वाजले असतील. तिथं श्रीपत थांबला.

हूं आला नाही.

शेवटचा हूं कधी आला होता, ते त्याला काही केल्या आठवेना.

पहिल्या गाडीनं तो परतला. मंजुळा मागल्या दारात उभी होती, पोर कुशीत झोपलेलं. श्रीपतनं आधी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. मंजुळा रागावली होती. रात्री दारावरून गेलात, कुणाला तरी गोष्ट सांगत होतात, हाक मारली तरी वळला नाहीत, असं ती बोलत राहिली. त्याचं तोंड बघून तिचा राग उतरला. मग हळू आवाजात म्हणाली,

"तुमचा आवाज पुढं गेला. हूं म्हणणारा हितंच राहिला. ओटीवर. मी विचारलं, कोण हाय? तर नुसतं हूं. कोंबडा आरवला तवा थांबला."

"दार उघडलंस?"

"नाय. अजून नाय उघडलं."

दोघं घराला वळसा घालून पुढच्या बाजूला आली. शेजारच्या साळूबाईनं आदल्या दिवशी कलत्या उन्हात ओटी सारवून दिली होती. थंडीमुळं सारवण ओलंच राहिलं होतं. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर कुणीतरी बसल्याचा खोल ठसा होता. पुढ्यात दोन टाचा रुतलेल्या, दाराच्या बाजूला.

बाकीची ओटी जशीच्या तशी. येतानाचं पाऊल नाही. जातानाचंही नाही.