सगळ्यांनी वाट दिली

ज्यांना हे तिखटमीठ लावून सांगितलेलं वाटेल, त्यांनी खुशाल उठून जावं. मी कुणाला धरून ठेवलेलं नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामेभावाबरोबर घडलंय, आणि त्याला धड थाप मारता येत नाही हे त्याची बायकोसुद्धा सांगेल.

मे २००५. मंगळवार. वेळ भर दुपारची.

हो, दुपारचीच. असल्या गोष्टी रात्रीच घडतात, हे ठरवलं कुणी?

मामेभावाचं नाव सुदर्शन. आम्ही सगळे मूळचे मेहकरचे. हा नोकरीला खराडीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत. राहायला कर्वेनगर. त्याच्याकडे एक म्हातारी ओम्नी होती. खडकीच्या कादरभाईंच्या गॅरेजमधून घेतलेली, दोन लाख नव्वद हजार किलोमीटर पळालेली. वरून पांढरा रंग नवा, आतून सगळा रामभरोसे कारभार.

जमिनीच्या मोजणीसाठी तो एकटाच ती गाडी घेऊन मेहकरला गेला होता. बायकोच्या, प्रियदर्शनीच्या, बाळंतपणाला अजून तीन आठवडे होते. जाऊन येऊ दोन दिवसांत, म्हणाला.

मंगळवारी सकाळी सातला सासूबाईंचा फोन. प्रियदर्शनीचं बीपी एकदम चढलं होतं. नगर रोडवरच्या एका हॉस्पिटलात तिला ॲडमिट केलं होतं. पाच वाजता सिझेरियन. रक्त लागणार होतं आणि तिचा गट ओ निगेटिव्ह. सगळं पुणं पालथं घालून एकच बाटली मिळाली होती.

सुदर्शनचा गटही तोच.

"चारच्या आत पोचा," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

मेहकर ते पुणे पावणेचारशे किलोमीटर. साडेसातला तो निघाला. आणि त्या भंगारानं त्याचा अंत पाहायला सुरुवात केली.

जालन्याच्या अलीकडेच इंजिन तापलं. पाणी घालून, निवेपर्यंत थांबून पाऊण तास गेला. औरंगाबादनंतर परत तेच. मध्येच चौथा गिअर निसटायचा, तो हातानं दाबून धरायचा. आणि पुढे ट्रक. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडतोय, तोही जावयाच्या थाटात, आणि हा मागे हॉर्नवर हात ठेवून बसलाय. कुणी ढिम्म हलेना.

नेवाशाजवळ हॉर्नही मेला.

त्यानं स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. गाडीला शिव्या घातल्या, कादरभाईंना घातल्या, मोजणीवाल्यांना घातल्या. मग एकटाच रडला. दुपारचा एक वाजला होता आणि पुणं अजून पावणेदोनशे किलोमीटर लांब होतं.

आणि तेव्हा...

पुढचा ट्रक डावीकडे झाला.

त्याच्या पुढचाही.

मग एक एसटी. एसटी कुणाला वाट देते का हो?

हॉर्न बंद होता, तरी रस्ता मोकळा होत गेला. सुदर्शनला वाटलं, चला, देवाला दया आली. त्यानं गाडी दामटली.

नगरच्या पुढे टोलनाका लागला. हा खिसा चाचपतोय तोवर दांडा वर गेला होता. आतला माणूस घाईघाईनं हात हलवत म्हणाला, "जा जा, थांबू नका."

त्यानं मागे वळून पाहिलं...

मागच्या सीटवर आईनं दिलेलं ज्वारीचं पोतं. बाकी काही नाही.

फक्त वास येत होता. स्पिरिटचा, इंजेक्शनच्या आधी कापसावर घेतात तसला.

शिक्रापूरला काटा परत लालवर गेला. एका टपरीसमोर गाडी थांबवून तो रेडिएटरसाठी पाणी मागायला गेला. टपरीवालीनं बादली दिली. शिवाय एक पेलाही भरून पुढे केला.

त्यानं तो पिऊन टाकला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुमाला न्हाई," ती म्हणाली. "आतल्या बाईंना दिला हुता. किती घामेजल्यात त्या."

तो गाडीत डोकावला. पोतं. वास. बस्स.

त्यानं तिथूनच कादरभाईंना फोन लावला. गाडी आधी कुणाची होती, एवढंच विचारलं. आधी त्यांनी टाळाटाळ केली. मग कादरभाईंनी सांगून टाकलं. तालुक्याच्या एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स होती ती, नऊ वर्षं. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोललो नाही. रंग मारला की सगळ्या गाड्या सारख्याच.

आणि मग म्हणाले, "साहेब, तेवढा सायरन बंद करा ना. नीट ऐकू येत नाहीये."

टपरीसमोर कसलाही सायरन वाजत नव्हता. टपरीवाली सोडली तर चिटपाखरूसुद्धा नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गाडी तिथंच टाकून पळायचं. कुठे पळणार? सव्वातीन वाजले होते. चारच्या आत पोचायचं होतं. तो परत त्याच गाडीत बसला. आरसा मात्र त्यानं वर फिरवून ठेवला.

वाघोली ओलांडली आणि खराडीच्या अलीकडे रस्ता तुंबलेला. कंपन्यांच्या बसेस, डंपर, रिक्षा, सगळं एकात एक अडकलेलं. नेहमीचाच तमाशा. रोज नोकरीला येताना चौकापलीकडे असल्याच गर्दीत अडकून तो कपाळाला हात लावायचा.

त्या दिवशी मात्र गर्दी फाटत गेली. माणसं स्कूटर उचलून बाजूला घेत होती.

तेवढ्यात एक सायरन ऐकू आला. त्याला ऐकू आला, म्हणजे खरा.

उजव्या हाताला, जरा मागे, एक खरी ॲम्ब्युलन्स अडकली होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळे सुदर्शनला वाट देण्यात गुंतलेले. तिच्या ड्रायव्हरशेजारी बसलेला एक तरुण काचेला तोंड लावून सुदर्शनकडेच पाहत होता.

दहा सेकंद थांबला असता, तर ती पुढे निघाली असती. त्याच्या मागून हाही गेला असता.

आणि मागे...

टक. टक. टक.

ओम्नीच्या मागच्या काचेवर. आतून.

तो थांबला नाही. प्रियदर्शनीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. टकटक जोरात व्हायला लागली, मग घाईघाईनं, मग तळहात आपटल्यासारखी. खराडीचा चौक ओलांडला, आणि ती थांबली.

चारला पाच कमी असताना तो पोचला. रक्त दिलं. ऑपरेशन झालं आणि दुसरी बाटली खरोखरच लागली. बायको वाचली. मुलगी झाली, सृष्टी. सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं. इतका हलका तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

संध्याकाळी सहाला चहा आणायला म्हणून तो खाली गेला. तळमजल्यावरच्या बाकावर तोच तरुण बसला होता.

संपत त्याचं नाव, शिरूरकडचा. वडिलांना हार्ट अटॅक आला होता. गर्दीत अर्धा तास गेला. ते दारातच गेले.

संपतनं सुदर्शनला ओळखलं होतं. चिडला मात्र नाही.

"तुमचं पेशंट कसं हाय?" त्यानं विचारलं.

"बरं आहे," सुदर्शन कसाबसा म्हणाला.

संपतनं मान हलवली. म्हणाला, "बाईंना नमस्कार सांगा आमचा. सवता एवढ्या आजारी, तरी काच वाजवून आमाला खुणा करत हुत्या. आधी तुमी जा म्हणून. तुमाला पुढं दिसलं नसंल."

सुदर्शन बाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिला. मागची काच आतून धुरकटली होती, आणि त्या धुरकटपणावर तळहाताचे ठसे होते. बरेच.

ओम्नी अजून त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. तो चालवत नाही. विकतही नाही. घेणाऱ्याला काय सांगायचं, म्हणतो. ती बाई कोण, त्या गाडीत तिचं काय झालं, याचा शोध आम्ही पुष्कळ घेतला. दवाखानाच बंद पडलाय.

सृष्टी आता दहावीला आहे. मी एकदा त्याला समजावलं. म्हटलं, बायको मरणाच्या दारात, गाडीत असला प्रकार, तुला काय कळणार होतं कुणी काय सांगतंय ते?

तो खिडकीतून खाली पार्किंगकडे बघायला लागला.

मग म्हणाला, "कळलं होतं रे."