साईडकारमधलं वाळूचं पोतं

त्या दिवशी मी निघालो होतो रंगाची एक कपची दाखवायला. नखाएवढी कपची. काडेपेटीत कापूस घालून त्यावर ठेवली होती आणि बयाआजींच्या दारात पोचेपर्यंत तीनदा उघडून बघितली होती.

मी सम्मेद मगदूम. उचगावात माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या मी पहिल्यासारख्या करतो. चुकीच्या काळातला एक बोल्ट दिसला तरी मला जेवण जात नाही. बायको म्हणते, "ह्यांना लग्नाची तारीख आठवत न्हाय, पण बेचाळीस सालचा सायलेन्सर कसा हुता ते झोपेत सांगतील."

गाडी बयाआजींच्या वडिलांची, तात्यांची. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी मोटारसायकल, डाव्या हाताला साईडकार. सत्तरपंचाहत्तर वर्षं गोठ्यात उसाच्या पाचटाखाली पडून होती. आजींचा नातू अमरसिंह ती टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा साईडकारमध्ये चार अंडी होती. आठ महिने मी राबलो. टाकीवरचा नंबर, कातडी बकलं, विमानातून उजेड दिसू नये म्हणून दिव्यावर बसवायची पत्र्याची टोपी, सगळं जुन्या फोटोबरहुकूम. श्रावण संपता संपता पुण्यात जुन्या गाड्यांची स्पर्धा होती आणि पहिला नंबर मी मनातल्या मनात घेऊनही टाकला होता.

खरवडताना साईडकारच्या तळाला हिरव्या रंगाखाली गुलाबी थर सापडला. लष्करात गुलाबी प्रायमर मारत असत, असा शोध मी लावला. वहीत लिहिला, दोन मित्रांना फोनवर ऐकवला, आणि तसाच गुलाबी रंग बनवून घेऊन आख्खा तळ रंगवला. आता फक्त आजींनी 'व्हय' म्हणायचं बाकी होतं.

आजी ब्याऐंशीच्या. त्यांनी कपची तळहातावर घेतली, अंगठ्यानं चुरली, नाकाला लावली आणि हसत सुटल्या. हसता हसता ठसका लागला.

"प्रायमर न्हवं रं लेका… गुलाल हाय ह्यो! जोतिबाचा!"

माझं तोंड बघून त्या अजून हसल्या. मग चहा ठेवला आणि सांगितलं. लढाईत तात्या ही गाडी चालवायचे, त्यांच्याच गावचा ज्योतीराम टपालाची थैली घेऊन साईडकारमध्ये बसायचा. त्याच्या आईनं गुलालाची पुडी दिलेली. रोज निघताना चिमूटभर पायाशी टाकायचा आणि "चांगभलं" म्हणायचा. ब्रह्मदेशात त्याला ताप भरला. दवाखान्यात नेताना साईडकारमध्येच गेला.

"शेवटाला म्हनला, जोतिबाच्या डोंगरावर ने मला. तात्या म्हनलं, नेतो." आजींचा आवाज खाली आला. "लढाई संपल्यावर पुण्यात भंगारात हीच गाडी घावली. नंबर वळखून घेतली. डोंगराकडं निघालं, तर पायथ्यालाच इंजन जाम झालं. पार्ट काय मिळालं न्हाईत. पर मरस्तवर त्या शिटावर कुणाला बसू दिलं न्हाय. मी ल्हान, बसायसाठी रडायची. तात्या म्हनायचं, 'आदी ज्योतीराम, मग तू.'"

मग त्यांनी माझा हात धरला. "सम्मेदा, तुज्या स्पर्धेच्या आदी गाडी डोंगरावर न्हे. माजं आता किती दिस ऱ्हायल्यात?"

मी धास्तावलो, ते वेगळ्याच कारणानं. डोंगर म्हटला की गुलाल आलाच, आणि माझ्या त्या रंगात एकदा गुलाल बसला की देवसुद्धा काढू शकत नाही. मी म्हणालो, "स्पर्धा झाली की नेतो, आजी." त्यांनी बशीत चहा ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं बाहेर होतं.

हे समजावून सांगायला हवं. साईडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक जमिनीवरून उचलतं आणि गाडी उलटू शकते. म्हणून सीटवर साठ किलो वाळूचं पोतं ठेवतात. मी आणि अमरसिंहानं मिळून ठेवलेलं ते पोतं भिंतीला नीट टेकवून उभं केलेलं होतं. अमरसिंहाची मस्करी समजून मी त्याला शिव्या घातल्या. संध्याकाळी कुलूप बदललं, तरी सकाळी पोतं बाहेर. तिसऱ्या दिवशी शटर वर केलं तर पेट्रोल आणि ग्रीसच्या वासात दवण्याचा वास. जोतिबाला वाहतात तो दवणा. माझ्या सात पिढ्यांत गॅरेजमध्ये कुणी दवणा आणलेला नाही.

मी पाना उचलला, सीटकडे पाठ केली आणि काम सुरू केलं. मागं स्प्रिंग वाजली. कर्र… कर्र… बसायच्या आधी माणूस जरा इकडेतिकडे सरकतो ना, तशी. मी वळलो. कातडी सीट मध्ये दबलेली होती.

घाबरलो होतो, सरळ सांगतो. समोरच्या टपरीवर जाऊन लागोपाठ दोन चहा प्यायलो आणि अमरसिंहाला फोन केला. "रविवारी डोंगरावर जायाचं."

रविवारी सकाळी पोतं बाहेरच. आम्ही उचलायला वाकलो तर अमरसिंहाच्या कारमधून आजी ओरडल्या, "ऱ्हाऊ द्या ते! बसणाऱ्याला जागा नगं व्हय?"

तसाच निघालो. मागं अमरसिंहाची कार, चालवायला ड्रायव्हर, आत तो आणि आजी. घाटात धुकं असं उतरलं की पुढचं चाक दिसेना. दिव्यावर माझी ती अस्सल टोपी, उजेड काडीएवढा. स्वतःच्या हौसेला मी मनातून चार शिव्या दिल्या. पहिलं डावं वळण आलं. आता चाक उचलणार म्हणून मी अंग डावीकडे टाकलं… चाक जमिनीला चिकटून. दुसरं वळण, तसंच. साईडकार भरलेली होती. दवण्याचा वास येत होता. मी तिकडे बघितलं नाही.

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी अगदी डाव्या कानाशी कुणीतरी हळू म्हणालं, "सावकास… म्होरं म्हशी हाईत."

मी ब्रेक दाबला. धुक्यातून एक म्हैस आली, मग दुसरी, मग पाच. शेवटची माझ्या अस्सल टाकीला शेपटी मारून गेली. भीती कुठल्या कुठे गेली आणि मला हसू फुटलं. डावीकडेही कुणी हसल्यासारखं वाटलं.

वर पोचल्यावर आजींनी स्वतःच्या हातानं गुलाल उधळला. दिव्यावर, टाकीवर, सीटवर, माझ्या टकलावर. "चांगभलं!" म्हणताना त्यांचा आवाज पार शिखरापर्यंत गेला असेल. त्या रडत होत्या, हसत होत्या, अमरसिंह नाचत होता. माझा आठ महिन्यांचा हिरवा रंग गुलाबी झाला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. परीक्षकांनी गुण कापले तर कापू देत.

उतरताना पहिल्याच डाव्या वळणावर साईडकारचं चाक टणकन वर आलं. हलकी झाली होती. ज्योतीराम उतरला होता. मी तिथल्या तिथे अमरसिंहाला सीटवर बसवलं आणि दोघं गाणी म्हणत उचगावला आलो. पोतं परत आत ठेवलं. कुलूप लावलं. बऱ्याच दिवसांनी मी गाढ झोपलो.

सकाळी शटर वर केलं. पोतं भिंतीला टेकून उभं होतं.

मी बघतच राहिलो. ज्योतीराम तर वर पोचला होता. म्हणजे त्याला जागा करून देणारा दुसराच कुणी होता. आणि तो आता पुन्हा जागा करत होता.

फोन वाजला. बयाआजी.

"सम्मेदा, पोतं आत हाय का भाईर?"

'आदी ज्योतीराम, मग तू.' पोत्याकडे पाठ फिरवून मी म्हणालो, "आतच हाय की, आजी."

त्या कपचीच्या दिवशी हसल्या होत्या तशाच हसल्या, मनापासून. "खोटं बोलू नगं लेका. पहाटं दारात गाडी थांबलेली. मी म्हनलं, तात्या, इरकल नेसून येते, थांबा वाईच… आता नेसून बसलीया."

चावी माझ्या खिशात होती. कुलूप मी आत्ताच काढलं होतं. मी खाली वाकून सायलेन्सरला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला; तो अजून तापलेला होता.