तेवीस नंबरची हजेरी

डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं आणि फरशीवर स्वतःभोवती झणझणत फिरत राहिलं. अश्लेषानं ते उचललं नाही. स्टुलावर बसून ती समोरच्या सहा डब्यांकडे पाहत होती. सहाही डब्यांत शिरा होता.

"आई, एवढा शिरा आपणच खायचा?" साडेचार वर्षांच्या रेवानं झाकण पायानं थांबवत विचारलं.

"शेजारी देऊ या थोडा."

केटरर भोकरेकाका डबे घरी सोडून जाताना म्हणाले होते, "ताई, एकशे शहाऐंशी पानं सांगितलीत. आले नऊ. बाकीच्यांनी काय वासावर पोट भरलं?"

खरं तर आजच्या स्नेहमेळाव्याला एकशे शहाऐंशी जणांनी होकार कळवला होता. नुसता होकार नाही, लोकांनी विचारपूस केली होती. शिऱ्यात केळं घालणार का, गाड्या कुठे लावायच्या, नाईकनवरे सर येणार का. सांगलीच्या कृष्णाकाठ व्यवस्थापन संस्थेतून शिकून पुण्यात स्थिरावलेल्यांचा हा कट्टा अश्लेषानं पाच वर्षांत उभा केला होता. पहिल्या बैठकीला सात जण होते आणि त्यातला एक चुकून आला होता. आज यादीत चारशेबारा नावं होती. गेल्या वर्षी संस्थेनं तिला मानपत्र दिलं, त्यात 'जिवंत समुदाय' असे शब्द होते.

तो जिवंत ठेवला होता प्रतिवाचेनं.

प्रतिवाचा म्हणजे आपल्या जागी आपल्यासारखं बोलणारी यंत्रणा. तुमचे दोन वर्षांचे निरोप आणि फोनवरचं बोलणं तिला ऐकू द्यायचं. मग ती तुमच्या आवाजात, तुमच्या लकबीनं उत्तरं देते, वाढदिवस लक्षात ठेवते, नोकरी गेलेल्याची चौकशी करते. रेवा तापानं फणफणली होती आणि अश्लेषा तिच्या कपाळावरच्या घड्या बदलत बसली होती, त्या एका दिवसात तिच्या प्रतिवाचेनं सत्तावीस जणांची ख्यालीखुशाली विचारली होती. नाव जड म्हणून कट्ट्यावर सगळे तिला प्रॉक्सीच म्हणत. कॉलेजात एकमेकांची हजेरी लावण्यात ज्यांची दोन वर्षं गेली, त्यांना त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

सुरुवातीला प्रॉक्सीच्या निरोपापुढे निळा ठिपका येई. मग कुरकुर सुरू झाली की ठिपका बघून परकं वाटतं. अश्लेषानंच मतदान घेतलं. दोनशे बारा विरुद्ध नऊ मतांनी ठिपका गेला.

नऊ. आज सभागृहातही नऊच होते.

त्या नवांतला उदयन शेटे तिच्याच वर्गातला. प्लेट घेऊन शेजारी बसत तो म्हणाला होता, "मी हो म्हटलंच नव्हतं गं. माझ्या प्रॉक्सीनं परस्पर कळवलं. बायकोनं कॅलेंडर बघितलं नसतं तर मीही घरी लोळत असतो."

"म्हणजे बाकीच्यांचंही..."

"तेच. तुझ्या प्रॉक्सीनं त्यांच्या प्रॉक्सींना बोलावलं, ते आनंदानं हो म्हणाले. त्यांची पंगत उठली असेल एव्हाना." तो हसला.

अश्लेषालाही हसू आलं. मग कॉलेजात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीबद्दल तिनं सहज विचारलं, "पद्मजा का आली नाही? तिनं तर मेनू ठरवायला मदत केली."

"परवाच बोलणं झालं. मजेत आहे."

"तू बोललास, की तुझा प्रॉक्सी?"

उदयनचा चमचा प्लेटमध्येच राहिला. "मी शेवटचा कधी बोललो," तो हळू म्हणाला, "आठवत नाही."

आता घरी, झाकणाचा आवाज थांबल्यावर, अश्लेषानं पहिल्यांदाच आपल्या प्रॉक्सीच्या निरोपांचं दप्तर उघडलं. ती त्यात कधी डोकावत नसे. वेळ वाचावा म्हणून तर प्रॉक्सी होती. पद्मजाच्या नावापुढे चार महिन्यांचं बोलणं होतं.

"आई गेल्यापासून घर खायला उठतं गं. एकदा येऊन जा ना."

खाली अश्लेषाच्याच शब्दांत उत्तर होतं, "अगं वेडे, मी आहे ना. रविवारी येतेच."

"आज वाट पाहिली. बरं, रेवाचं काही असेल."

"हो गं, रेवाची सर्दी. पुढच्या रविवारी नक्की."

रेवाला त्या आठवड्यात सर्दी झाली नव्हती. प्रॉक्सीला एवढंच ठाऊक होतं की रेवाचं कारण सांगितलं की माणसं रागावत नाहीत. असे चार रविवार गेले होते. मग, "परवा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. कोणाला सांगू कळेना." त्यावर उत्तर, "काळजी घे हं. भरपूर पाणी पी." वेडे, हं, नक्की, सगळे तिचेच शब्द. वाचताना अश्लेषाला वाटलं, आपणच हे लिहिलं असतं. तेच तिला सहन होईना.

बारा दिवसांपूर्वीचा निरोप शब्द गाळत, घाईत लिहिलेला होता. "आजपासून मीपण प्रॉक्सी लावते. बोलायचं त्राण नाही. दाराची बेल पण जोडलीय. तू आलीस की बंद करीन."

"छान केलंस! आराम कर," अश्लेषाच्या प्रॉक्सीनं कळवलं होतं.

तिथून पुढे पद्मजाची उत्तरं क्षणात येत होती. त्यात एकही शब्द गळालेला नव्हता. दोन प्रॉक्सी बारा दिवस रोज गप्पा मारत होत्या. शिऱ्यात केळं घालायचं त्यांनीच ठरवलं होतं.

अश्लेषानं फोन लावला. पहिल्याच रिंगला आवाज आला.

"बोल गं बाई! कसा झाला कार्यक्रम?"

हुबेहूब पद्मजा. 'बाई'वरचा सांगलीचा हेलसुद्धा.

"पद्मे, तू बरी आहेस?"

"एकदम ठणठणीत. मला काय धाड भरलीय?"

यंत्राला कसं ओळखायचं? जे लिहिलं, बोललं, ते सगळं त्याला ठाऊक. अश्लेषानं टेबलावरचा चमचा उचलला आणि फोनजवळ दोनदा वाजवला. टक, टक.

कॉलेजात अश्लेषा तासगावजवळच्या कवठे एकंदहून येई. पहिली एस.टी. चुकली की पहिला तास अर्धा संपलेला असे. तिचा नंबर बावीस, पद्मजाचा तेवीस. पद्मजा आवाज बारीक करून 'हजर' म्हणे आणि लगेच स्वतःच्या आवाजात पुन्हा 'हजर'. अश्लेषा मागच्या दारानं आत शिरली की पद्मजा बाकावर पेन दोनदा आपटी, म्हणजे दिली तुझी हजेरी. अश्लेषानं एकदा वाजवायचं, म्हणजे कळलं. याबद्दल त्या दोघी कधी काही बोलल्या नव्हत्या, कुठे लिहिलं नव्हतं.

"कसला आवाज येतोय गं?" फोनमधली पद्मजा म्हणाली. "रेवा काही आपटतेय का?"

अश्लेषानं फोन ठेवला.

रेवाच्या वाढदिवसाला पद्मजानं पाठवलेल्या फ्रॉकचं वेष्टन कपाटात होतं. त्यावर वाघोलीचा पत्ता आणि इमारतीच्या गेटचा फोन नंबर. तिनं आधी गेटवर फोन केला.

"अकराशे तीन? आत्ताच इंटरकॉमवर बोललो की मॅडमशी," रखवालदार म्हणाला. "बऱ्या आहेत म्हणाल्या."

"दादा, तुम्ही त्यांना डोळ्यांनी शेवटचं कधी पाहिलंत?"

"तसं बघितलं म्हणजे... दूध तर रोज आत जायचं. परवापासून मॅडमनी ते बंद केलंय."

म्हणजे परवापर्यंत दार उघडत होतं. अश्लेषानं तेवढंच धरून ठेवलं.

नवरा चाकणला शिफ्टवर, रेवाला ठेवायला कोणी नाही. तिनं रेवाच्या पायात चपला सरकवल्या आणि उदयनला फोन केला. प्रॉक्सीनं उचलला. मग तिनं उदयनच्या बायकोला लावला, तिनं हाका मारमारून त्याला आणलं.

"किल्लीवाल्याला घेऊन तिथेच ये," अश्लेषा म्हणाली. "आणि रुग्णवाहिका बोलाव. तू स्वतः फोन कर, उदयन."

"करतो. मीच करतो."

टॅक्सीत रेवा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. अश्लेषा तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. तिला नाईकनवरे सर आठवले. पद्मजाची चोरी त्यांनी एकदा पकडली होती. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "दुसऱ्याची हजेरी द्यायला हरकत नाही. पण तो कुठे आहे, हे माहीत असल्याशिवाय हजर म्हणू नका."

त्या दिवशी पद्मजा ताठ उभी राहून म्हणाली होती, "माहितीये सर. ती कवठे एकंदच्या स्टॉपवर उभी आहे. बस भरून आली, थांबली नाही."

चारशेबारा जणांपैकी कोण कुठे उभं आहे, अश्लेषाला माहीत नव्हतं. पाच वर्षं ती सगळ्यांना हजर म्हणत आली होती.

रखवालदारानं उदयन आणि किल्लीवाल्यासाठी खालीच थांबतो म्हणून सांगितलं. अकराव्या मजल्यावर शुकशुकाट होता. अकराशे तीनच्या दारापुढे पायपुसणं नीट अंथरलेलं होतं. दारावर अडकवलेली पिशवी नाही, साचलेलं टपाल नाही. सगळं वेळच्या वेळी, नम्रपणे थांबवलेलं.

तिनं बेल दाबली.

"आले गं, आले!" बेलखालच्या जाळीतून पद्मजाचा आवाज आला, हसरा, ओळखीचा. "थांब हं जरा. हात ओले आहेत."

रेवाला हायसं वाटलं. "मावशी आहे घरात," ती म्हणाली आणि फ्रॉक नीट करून दारापुढे उभी राहिली.

दार उघडलं नाही.

"पद्मे," अश्लेषा जाळीकडे न बघता दाराला म्हणाली. "मी आलेय. खरी मी. तू म्हणाली होतीस ना, तू आलीस की बंद करीन?"

"हो गं, आलेच!" जाळी म्हणाली.

तिनं बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा वाजवलं. टक, टक. मग कान दाराला लावला. एकच टक हवी होती. पेनाची, चमच्याची, नखाची, कशाचीही. आतून पंखा फिरल्यासारखी घरघर येत होती, पंख्याची असेल किंवा तिच्याच कानातली. तिनं पुन्हा वाजवलं. लांब कुठेतरी लिफ्ट वर यायला लागली.

"आले, आले. एक मिनिट हं," जाळीतून पुन्हा आवाज आला. अगदी पहिल्यासारखाच, जराही न कंटाळता.

रेवानंही आईसारखाच दाराला कान लावला. तशीच डोळे मोठे करून ती ऐकत राहिली आणि मग हळू आवाजात, कुणाला दुखू नये अशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, मावशी सारखी आले आले म्हणते. मग ती येत का नाहीये?"