एका क्रियापदाचे तीन आठवडे

डायलिसिसच्या खोलीत माणसं छताकडे बघतात, नाहीतर डोळे मिटून घेतात. चार नंबरच्या खाटेवरचा नवा पेशंट मात्र सिस्टरच्या मांडीवरच्या वहीत डोकावत होता.

"सिस्टर, 'कीप'चा अर्थ फक्त 'ठेवणे' लिहिलाय तुम्ही. परीक्षेत मार खाल."

तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि नोकरी सुटली. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हातात दोन सुया खुपसून पडून राहायचं. तिला परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. ती त्याच्याच खाटेजवळ ड्युटी मागून घेऊ लागली.

त्या एका क्रियापदानं तीन आठवडे खाल्ले. दिलेला शब्द 'कीप' करायचा, म्हणजे पाळायचा. गुपित 'कीप' करायचं, म्हणजे पोटात ठेवायचं. कोंबड्या पाळल्या तरी 'कीप'च! आणि पुढे दुसरं क्रियापद आलं, की तेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. वाक्य करा म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, "आय कीप लुकिंग ॲट द डोअर..."

"का बरं?"

"तुमची यायची वेळ झाली, की —" आणि ती उगाच सुया तपासू लागली.

मग सात नंबरचे आजोबा गेले. दुपारपर्यंत त्या खाटेवर दुसरं कुणी आलंसुद्धा. त्या दिवशी धडा झाला नाही. पुढच्या महिन्यात मास्तरांच्या बहिणीनं देऊ केलेलं मूत्रपिंड जुळत नसल्याचं कळलं, आणि त्याच आठवड्यात ती परीक्षा पास झाली. त्यानं तोंडभरून अभिनंदन केलं आणि तिला न सांगता डायलिसिससाठी सकाळची, तिची ड्युटी नसलेली पाळी मागून घेतली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला ती त्याच्या खाटेशी उभी राहिली.

"तोंड का चुकवताय?"

"तुम्ही जा, सिस्टर. माझ्याकडे किती वर्षं आहेत, मलाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. तुमचे रिपोर्ट मीच लावते फाईलला."

तिनं घरी सांगून टाकलं होतं. बाबांनी बोलणं टाकलं होतं, आई नुसती रडत होती. नोकरीसाठी तिनं वर्षभराची मुदत मागितली होती. मिळेलच असं नव्हतं.

"एक वर्ष तर एक वर्ष," ती म्हणाली. "पण ते मला तुमच्या घरी हवंय."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. मग सुया नसलेला हात चादरीबाहेर आला... तिनं तो धरला. सकाळच्या सिस्टरनं काही न विचारता पडदा ओढून घेतला.